गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यातील सुट्टी आणि प्रवास विमा : नेमके काय विचारून घ्यावे?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार. मला सध्या पंचविसावा आठवडा सुरू आहे. पहिलेच बाळंतपण आहे, आतापर्यंतच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत आणि डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतलेली नाही. बाळ झाल्यावर आम्हा दोघांना असे निघणे बराच काळ जमणार नाही, म्हणून परदेशातील दहा दिवसांची सुट्टी आम्ही पूर्वीच ठरवून ठेवली होती. दिवसांचा हिशोब केला तर निघताना मला ३१ आठवडे २ दिवस झालेले असतील आणि परतताना ३२ आठवडे ५ दिवस. विमान कंपनी ३६ आठवड्यांपर्यंत प्रवास करू देते, त्यामुळे तिकिटाची अडचण नाही.

अडचण विम्याची आहे. पहिली पॉलिसी वाचली, तर वगळलेल्या बाबींमध्ये ‘गर्भारपण, प्रसूती आणि त्यातून उद्भवणारी कोणतीही स्थिती’ असे एका ओळीत लिहिलेले आढळले. दुसऱ्या पॉलिसीत ‘गरोदरपणातील गुंतागुंत ३२ आठवड्यांपर्यंत’ असे आहे. दोन्ही ठिकाणी फोन केला, तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने “सगळे कव्हर होते, काळजी करू नका” एवढेच सांगितले. मला काळजी आहे ती अशी, की परक्या ठिकाणी मध्येच कळा सुरू झाल्या तर माझा खर्च कोण देणार आणि बाळाचा कोण देणार? ज्यांनी हा अनुभव घेतला आहे किंवा ज्यांना विम्याची कामे माहीत आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आशयघन

मी काही वर्षे प्रवास विम्याच्या दाव्यांचे काम पाहिले आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

प्रवास विमा हा अचानक आणि अनपेक्षितपणे उद्भवलेल्या संकटासाठी असतो. दिवस भरल्यावर होणारी प्रसूती ही अपेक्षित घटना आहे, त्यामुळे नेहमीच्या बाळंतपणाचा खर्च जवळजवळ कोणतीही प्रवास पॉलिसी देत नाही आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न असतो तो गुंतागुंतीचा. येथे पॉलिसींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही पॉलिसी गरोदरपणाशी संबंधित सर्वच बाबी वगळतात, मग ती गुंतागुंत कितीही अचानक उद्भवलेली असो. तुम्ही वाचलेली पहिली पॉलिसी या प्रकारची आहे आणि ती तुमच्या उपयोगाची नाही. दुसऱ्या प्रकारात नेहमीची प्रसूती वगळलेली असते, पण गुंतागुंतीसाठी ठरावीक आठवड्यापर्यंत संरक्षण असते.

या दुसऱ्या प्रकारात सर्वात आधी व्याख्यांचे पान उघडावे. ‘गुंतागुंत’ हा शब्द आपण बोलताना ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने तेथे नसतो. बऱ्याच पॉलिसींमध्ये आजारांची नावे मोजून दिलेली असतात : गरोदरपणातील रक्तदाब आणि त्यातून होणारा प्रीएक्लाम्प्सिया, वार सुटणे, वार खाली असणे, अतिरेकी उलट्या, गर्भपात, तातडीने करावे लागलेले सिझेरियन, अकाली प्रसूती. जे त्या यादीत नाही, ते गुंतागुंतीत मोडत नाही अशी भूमिका कंपनी घेऊ शकते. शिवाय अकाली प्रसूतीपुढे बहुधा एक अट जोडलेली असते, उदाहरणार्थ ‘अपेक्षित तारखेच्या आठ आठवड्यांहून अधिक आधी झालेली’. आता तुमचीच तारीख त्यात घालून पाहा. अपेक्षित तारखेच्या आठ आठवडे आधी म्हणजे बरोबर ३२ आठवडे पूर्ण. तुम्ही निघाल्यानंतर पाचव्या दिवशी तो टप्पा येतो. म्हणजे सुट्टीचा पहिला अर्धा भाग संरक्षणात आणि दुसरा अर्धा संरक्षणाबाहेर. हप्ता मात्र तुम्ही दहाही दिवसांचा भरलेला असेल.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती अनेकांच्या नजरेतून सुटते. ‘बत्तिसावा आठवडा’ आणि ‘३२ आठवडे पूर्ण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ आठवडे पूर्ण झाले की बत्तिसावा आठवडा सुरू होतो. त्यामुळे पॉलिसीत ‘बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत’ असे लिहिले असेल, तर तो आठवडा धरून की सोडून, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि त्या एका शब्दात सात दिवसांचा फरक पडतो. काही पॉलिसी मर्यादा निघण्याच्या दिवशी मोजतात, काही परतण्याच्या दिवशी, तर काही घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशी. फोनवरील “सगळे कव्हर होते” या वाक्यावर यातले काहीच ठरत नाही. दावा आल्यावर टेबलावर फक्त छापील अटी आणि तुमचा लेखी पत्रव्यवहार असतो.

तारांगण

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. आशयघन यांनी आठवड्यांविषयी जे लिहिले आहे, त्याला एक जोड देते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, परंतु पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख अधिक विश्वासार्ह धरली जाते. अनेकींच्या फाइलमध्ये त्यामुळे दोन तारखा असतात, एक पाळीवरून काढलेली आणि एक सोनोग्राफीवरून, आणि त्यांत कधी कधी आठवड्याभराचेही अंतर असते. विमा कंपनीला कळवलेली तारीख, डॉक्टरांच्या पत्रातील तारीख आणि फाइलमधील तारीख या तिन्ही एकच असल्या पाहिजेत. पुढे दावा तपासताना ही विसंगती पहिल्यांदा डोळ्यांत भरते.

प्रवासयोग्यतेच्या पत्राबद्दलही सांगते. साधारणपणे २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या असे पत्र मागतात. एकच बाळ असेल आणि सर्व ठीक असेल तर ३६ आठवड्यांपर्यंत आणि जुळी असतील तर ३२ आठवड्यांपर्यंत प्रवास करू द्यावा, असा बहुतेकांचा प्रघात आहे. पत्रात अपेक्षित तारीख, बाळ एक की अधिक, आजवर कोणतीही गुंतागुंत नसल्याचा उल्लेख आणि कोणत्या तारखेपर्यंत प्रवासास हरकत नाही हे स्पष्ट असावे. हे पत्र प्रवासाच्या अगदी जवळच्या दिवसांतील लागते, महिनाभर आधी घेतलेले चालेलच असे नाही. परतीच्या विमानासाठीही ते ग्राह्य असेल ना, हे आधीच विचारून ठेवा.

मात्र हे पत्र म्हणजे विमा नव्हे. विमान कंपनीला चिंता असते ती आकाशात प्रसूती होऊ नये याची. विमा कंपनीला चिंता असते ती जमिनीवरील रुग्णालयाच्या बिलाची. म्हणूनच दोघांच्या आठवड्यांच्या मर्यादा जुळत नाहीत, आणि एकाने होकार दिला म्हणून दुसऱ्याने दिला असे समजू नये.

कोराकागद

मला प्रामाणिकपणे एक प्रश्न पडला आहे. ऑनलाइन अर्जात गरोदर आहात का, असे कोठेही विचारलेले नसते. मग आपण होऊन सांगायचे कशासाठी? सांगितले की हप्ता वाढतो किंवा सरळ नकार येतो. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने काही न सांगता पॉलिसी काढली आणि ते व्यवस्थित जाऊन आले.

आशयघन

ते व्यवस्थित जाऊन आले, याचा अर्थ त्यांच्यावर दावा करण्याची वेळ आली नाही एवढाच होतो. कोणत्याही रुग्णालयात गरोदर स्त्री दाखल झाली की केसपेपरच्या पहिल्याच ओळीत वय आणि किती आठवडे हे लिहिले जाते, आणि दावा तपासणारा तीच ओळ आधी वाचतो. ती लपवता येत नाही आणि लपवूही नये.

अर्जात प्रश्न नसेल, तर गरोदरपणाची अट शिथिल झाली असे होत नाही. वगळलेल्या बाबींचे कलम जसेच्या तसे लागू असते. आणि प्रश्न असूनही चुकीचे उत्तर दिले असेल, तर गरोदरपणाशी संबंध नसलेला दावाही नाकारला जाण्याचा धोका असतो, मग तुमचे सामान हरवलेले असो की पाय मोडलेला असो. विम्याचा करार दोन्ही बाजूंनी खरी माहिती देण्यावर उभा असतो. नकार येणार असेल तर तो घरी असताना आलेला केव्हाही चांगला, कारण तेव्हा दुसरीकडे चौकशी करायला वेळ असतो.

निळीशाई

हा धागा वाचून राहवले नाही, म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे.

माझी मुलगी परदेशात, सुट्टीच्या चौथ्या दिवशी, ३१ आठवड्यांची असताना जन्मली. मला काहीही त्रास नव्हता. पहाटे जाग आली ती अंथरूण ओले झाल्यामुळे, आणि ते गर्भजल आहे हे समजायलाही मला काही मिनिटे लागली. नवऱ्याने पॉलिसीचा कागद शोधायला सुरुवात केली, तर तो माझ्या फोनमध्ये आणि माझ्या फोनचा पासवर्ड मला त्या क्षणी नीट टाकता येईना. माझे हात कापत होते. आम्ही मदत क्रमांकावर फोन केला तो रुग्णालयात दाखल झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी, आणि नंतर कंपनीने त्यावरच बोट ठेवले, की दाखल होण्यापूर्वी किंवा ठरावीक तासांच्या आत कळवण्याची अट पाळली गेली नाही. अनेक महिने पत्रव्यवहार करून माझ्या उपचारांचा खर्च अखेर मिळाला.

बाळाचा मिळाला नाही. आमच्या पॉलिसीत विमाधारक म्हणून दोन नावे होती, माझे आणि नवऱ्याचे. जन्मल्या क्षणापासून ती स्वतंत्र रुग्ण होती, तिची स्वतंत्र फाइल होती, स्वतंत्र बिल होते आणि ती कोणत्याही पॉलिसीत नव्हती. माझा मुक्काम पाच दिवसांचा झाला, तिचा नवजात अतिदक्षता विभागात सहा आठवड्यांचा. दोन्ही बिले शेजारी ठेवली तर माझे बिल किरकोळ वाटावे असा फरक होता. आम्ही जवळची बचत मोडली, नातेवाइकांकडून उसने घेतले आणि ते फेडायला काही वर्षे लागली.

पाऊलवाट ताई, तुम्ही मूळ प्रश्नात “बाळाचा कोण देणार” असे विचारले आहे, म्हणून हे लिहिले. कळकळीने सांगते, पॉलिसी निवडताना बाकी सर्व नंतर बघा, आधी हा एक मुद्दा विचारा. मुलगी आता शाळेत जाते आणि तिची तब्येत उत्तम आहे.

तारांगण

निळीशाई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यातील वैद्यकीय बाजू थोडी स्पष्ट करते. जगभरात साधारण दहातील एक बाळ ३७ आठवड्यांपूर्वी जन्मते आणि त्यांपैकी बहुसंख्य बाळे ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यानची असतात. अशा प्रसूती होणाऱ्या अनेक स्त्रियांना आधी कोणताही धोक्याचा इशारा मिळालेला नसतो. त्यामुळे तपासण्या चांगल्या आहेत ही आनंदाची गोष्ट असली, तरी तिच्यावर विसंबून विम्यात कसूर करू नये.

मुक्कामाच्या कालावधीचाही विचार करा. खूप आधी जन्मलेले बाळ घरी जाण्याजोगे होईपर्यंत अनेकदा मूळ अपेक्षित तारीख जवळ येते. ३२ आठवड्यांच्या बाळासाठी याचा अर्थ कित्येक आठवडे होतो, आणि तुमची पॉलिसी दहा दिवसांची असते. आजारपणामुळे परत येता आले नाही तर मुदत आपोआप वाढते का, आणि ती फक्त आईसाठी वाढते की सोबतच्या जोडीदाराच्या राहण्याचा खर्चही धरला जातो, हे विचारायला हवे.

समुद्रपक्षी

जुळ्यांच्या बाबतीत वरील सर्व मर्यादा अलीकडे येतात, त्यामुळे ज्यांना जुळी आहेत त्यांनी एका बाळासाठीचा आठवड्यांचा आकडा वाचून थांबू नये. आमच्या वेळी मी तो वाचून निश्चिंत झाले होते आणि जुळ्यांची अट पुढच्या पानावर होती. ‘जुळी आहेत हे आधीपासून माहीत असल्यास’ असे शब्द होते आणि मर्यादा तब्बल आठ आठवड्यांनी अलीकडे होती.

कोणी क्रूझचा विचार करत असेल, तर तो उत्तरार्धात सोडूनच द्यावा. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या प्रवास संपण्यापूर्वी २४ आठवडे होणार असतील तर जहाजावर घेतच नाहीत, कारण तेथे प्रसूतीची किंवा नवजात बाळाच्या उपचारांची सोय नसते. विमा काढूनही उपयोग नाही, तिकीटच अमान्य होते.

कोराकागद

आधीच्या प्रश्नाचे उत्तर पटले, आभारी आहे. मला आणखी एक विचारायचे आहे. शेवटच्या क्षणी मनाने कच खाल्ली आणि जाणे रद्द केले, तर तिकिटाचे आणि हॉटेलचे पैसे विम्यातून मिळतात का? क्रेडिट कार्डासोबत मिळणारा मोफत विमा चालेल का?

आशयघन

केवळ भीती वाटली किंवा विचार बदलला, म्हणून रद्द केलेल्या प्रवासाचे पैसे नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाहीत. डॉक्टरांनी नव्याने उद्भवलेल्या कारणासाठी प्रवास करू नका असे लेखी दिले असेल आणि ते कारण पॉलिसीच्या व्याख्येत बसत असेल, तर मिळू शकतात. येथे ‘नव्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पॉलिसी काढण्यापूर्वीच रक्तदाब वाढलेला होता किंवा मधुमेह निघाला होता, तर तो पूर्वीपासून असलेला आजार ठरतो आणि तो जाहीर केलेला असावा लागतो. मूत्रमार्गाच्या संसर्गासारखी किरकोळ वाटणारी गोष्टही, जिच्यासाठी पाच दिवस गोळ्या घेतल्या आणि विसरून गेलो, पुढे अकाली कळांशी जोडली जाऊ शकते. तीही सांगून टाकावी. पॉलिसी काढल्यानंतर आणि निघण्यापूर्वी काही नवे निदान झाले, तर तेही कळवणे बहुतेक पॉलिसींत बंधनकारक असते.

काही देशांत कोणत्याही कारणासाठी प्रवास रद्द करता येईल अशी जोड घेता येते, पण ती पहिल्या बुकिंगनंतर थोड्याच दिवसांत घ्यावी लागते आणि पूर्ण रक्कम परत मिळत नाही, काही टक्केच मिळते. क्रेडिट कार्डाच्या विम्यात गरोदरपण अनेकदा वगळलेलेच असते, तेव्हा तो अटी वाचल्याशिवाय धरून चालू नये.

पाऊलवाट ताईंना एक सुचवतो. फोन बंद करा आणि ईमेल लिहा. त्यात तुमची अपेक्षित तारीख, निघण्याची आणि परतण्याची तारीख, त्या दोन्ही दिवशी होणारे आठवडे आणि दिवस, हे सर्व मांडा. मग सुट्टीच्या प्रत्येक दिवशी संरक्षण आहे का, अकाली प्रसूती झाल्यास तुमचा खर्च मिळेल का, बाळाचा मिळेल का आणि किती मर्यादेपर्यंत, मुदत वाढेल का, आणि दाखल झाल्यावर किती तासांत कळवायचे, हे सरळ विचारा. उत्तर कलमाच्या क्रमांकासह मागा.

दोनतिकिटे

आम्ही गेल्या वर्षी अशाच परिस्थितीत होतो आणि शेवटी गेलो नाही, म्हणून तीही बाजू लिहितो. तीन कंपन्यांना असाच ईमेल पाठवला होता. एकीने उत्तर दिले नाही, एकीने बाळाचा खर्च वगळला आहे असे स्पष्ट कळवले आणि तिसरीने गोलमोल उत्तर दिले. पत्नीला खूप वाईट वाटले, मलाही वाटले, पण जेथे पुढच्या कित्येक वर्षांची कमाई पणाला लागू शकते तेथे जाणे आम्हाला योग्य वाटले नाही. त्याऐवजी आम्ही आमच्या रुग्णालयापासून दोन तासांवर, जेथे आमचा नेहमीचा आरोग्य विमा लागू होता, अशा ठिकाणी गेलो. सुट्टी लहान होती पण झोप शांत लागली.

पाऊलवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण उत्तरे यायला वेळ लागला.

निळीशाई, तुमचा प्रतिसाद मी आणि माझ्या नवऱ्याने एकत्र वाचला आणि त्यानंतर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. त्याच रात्री आशयघन यांनी सांगितल्याप्रमाणे ईमेल लिहिला आणि चार ठिकाणी पाठवला. ‘३२ आठवड्यांपर्यंत’ असे लिहिणाऱ्या कंपनीने कळवले, की मर्यादा ३२ आठवडे पूर्ण होईपर्यंतच आहे आणि घटना ज्या दिवशी घडते तो दिवस धरला जातो. म्हणजे आशयघन यांनी मांडलेला हिशोब तंतोतंत खरा निघाला आणि आमचे शेवटचे पाच दिवस उघडे होते. बाळाबद्दल त्यांचे उत्तर ‘नाही’ असे होते.

दुसऱ्या एका कंपनीने मात्र लेखी दिले आहे, की गुंतागुंतीमुळे मर्यादेच्या आत अकाली प्रसूती झाल्यास नवजात बाळाचे तातडीचे उपचारही आईच्या विमा रकमेतून केले जातील आणि वैद्यकीय कारणासाठी मुदत वाढेल. हप्ता जास्त आहे. मर्यादा त्यांचीही ३२ आठवडे पूर्ण होईपर्यंतच आहे, म्हणून आम्ही सुट्टीच दोन आठवडे अलीकडे आणली. आता निघताना २९ आठवडे २ दिवस असतील आणि परतताना ३० आठवडे ५ दिवस. तिकिटे बदलण्याचा भुर्दंड पडला, तो आम्ही स्वीकारला. राहण्याचे ठिकाणही बदलले. समुद्रकाठचे एकांतातले घर सोडून, ज्या शहरात नवजात अतिदक्षता विभाग असलेले मोठे रुग्णालय आहे तेथे खोली घेतली आहे. माझ्या फाइलमध्येही तारांगण यांनी म्हटल्याप्रमाणे दोन तारखा निघाल्या, तीन दिवसांच्या फरकाच्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीची तारीख कायम करून पत्रात तीच लिहिली आणि कंपनीलाही मी तीच कळवली आहे. माझा रक्तगट निगेटिव्ह असल्याने २८ व्या आठवड्यातील इंजेक्शन निघण्यापूर्वीच होईल आणि त्याची नोंद फाइलमध्ये घेऊन ठेवेन.

पॉलिसीचा क्रमांक, चोवीस तासांचा मदत क्रमांक आणि ‘दाखल होण्यापूर्वी फोन करणे’ ही सूचना मोठ्या अक्षरांत छापून तीन प्रती काढल्या आहेत. एक पासपोर्टच्या पाकिटात आहे, एक माझ्या फाइलमध्ये आणि एक नवऱ्याच्या खिशात, कारण वेळ आलीच तर फोन त्यालाच करावा लागणार आहे. काल संध्याकाळी त्याने तो क्रमांक येथूनच लावून पाहिला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला.